ती साडी काळी नव्हती

महोदय,

दोन आठवड्यांपूर्वीच्या आपल्या रविवार पुरवणीत चोर बाजारात सापडलेल्या काचेच्या निगेटिव्हवरून केलेले पाच फोटो छापून आले होते. पान देखणं होतं, मी कापून ठेवलं आहे. पैकी तिसऱ्या फोटोखाली ‘काळ्या साडीतील प्रौढ गृहिणी’ अशी ओळ आहे आणि शेजारीच संगणकाने रंग भरलेली त्याच फोटोची दुसरी प्रत आहे. तिच्यातही साडी काळीच. बाई प्रौढ आहे हे खरं, पण साडी काळी नाही. ते अलवण आहे, विधवेचं लाल लुगडं.

हे एवढं ठामपणे सांगणारी ही कोण, असं आपल्याला वाटेल. मी ७९ वर्षांची आहे, गिरगावातल्या एका चाळीत राहते आणि आयुष्यातली २६ वर्षं मी निगेटिव्हवर पेन्सिल चालवून संसाराला हातभार लावला. रिटचिंग म्हणतात त्याला. माझं सासर मिरजेचं. आजेसासऱ्यांचा तिथे फोटो स्टुडिओ होता, नंतर तो सासऱ्यांनी चालवला. मी १९६५ साली लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा फिल्म आली होती, पण माडीवर काचा रचलेल्या होत्या आणि मामंजींचा हात काचेवरच बसलेला होता. मला त्यांनी काम शिकवलं ते जुन्या काचांवर, कारण बिघडल्या तरी गिऱ्हाईक ओरडायला येणार नव्हतं.

आता साडीकडे येते. त्या काळची जी साधी प्लेट, म्हणजे रसायन लावलेली काच, जिच्या डब्यावर ‘ऑर्डिनरी’ असंच छापलेलं असे, तिला निळा आणि जांभळा उजेड दिसतो. लाल अजिबात दिसत नाही. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा लावता येई. त्या दिव्याखाली प्लेट डेव्हलपरमध्ये हलवत बसा, चित्र उमटताना डोळ्यांनी बघा, प्लेटला त्याचा पत्ताच नसतो. मग त्याच लाल रंगाचं लुगडं नेसून बाई कॅमेऱ्यासमोर बसली तर प्लेटला काय दिसणार? काही नाही. त्या जागी चांदीचा कण धरत नाही, काच मोकळी राहते, आणि निगेटिव्हवर जे मोकळं ते कागदावर काळं. कपाळावरचं कुंकूसुद्धा असंच. निगेटिव्हवर चेहरा काळपट आणि मधोमध कुंकवाच्या आकाराचं आरपार भोक. माझ्या नातीने एकदा विचारलं होतं, ‘आजी, तेव्हा सगळ्या काळी टिकली लावायच्या का?’ उलट फिकट निळं सगळं पांढरं होतं. आकाशी फेटा पांढरा, निळ्या डोळ्यांच्या साहेबाची बुबुळं दुधाळ. पुढे हिरवा-पिवळा ओळखणाऱ्या ऑर्थो प्लेटा आल्या, पण लाल त्यांनाही दिसत नसे. सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट १९०६ पासून मिळत होती, पण ती पूर्ण अंधारात धुवावी लागते. आजेसासऱ्यांना ते पटत नसे. पोळी न बघता भाजायला सांगण्यासारखं आहे, म्हणत.

तरीही लाल आणि काळी दोन्ही साड्या कागदावर सारख्याच येतात, मग मी अलवण कशावरून म्हणते? त्या बाईकडे बघा. कपाळ मोकळं. गळा मोकळा, हात मोकळे. पदर डोक्यावरून कानामागे घट्ट ओढलेला, आणि त्याखाली अंबाड्याचा उंचवटा नाही. आपल्याकडे ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवा लाल अलवण नेसत. काळी चंद्रकळा संक्रांतीला नेसत, ती सवाष्णींनी, हळदीकुंकवाला मिरवायला. या बाईच्या अंगावर ती कोण घालू देणार होतं? रंग भरणाऱ्या संगणकाला मी दोष देत नाही. त्याच्यासमोर एक काळा ठिपक्यांचा पुंजका आला, त्याने तो काळा ठेवला. दोष देते ती ‘गृहिणी’ या शब्दाला. एवढं मोठं दुःख एका सोयीच्या शब्दाखाली झाकलं गेलं.

आमच्याकडच्या काचांत एक हाफ-प्लेट आहे, पावणेपाच बाय साडेसहा इंची. कॅमेऱ्याच्या मागे सरकती चौकट लावून एकाच काचेवर शेजारी शेजारी दोन फोटो घेतलेले. निम्मी किंमत, निम्मी काच. डाव्या अर्ध्यात नवी सून, शालू नेसलेली, नथ, चिंचपेटी, हात कुठे ठेवावेत ते न कळून खुर्चीच्या पाठीला धरलेले. उजव्या अर्ध्यात त्याच खुर्चीवर तिची आजेसासू, अलवणात. मामंजींनी ही काच मला रिटचिंगच्या डेस्कवर लावून दाखवली होती. डेस्क म्हणजे उतरत्या फळीत बसवलेली दुधी काच, खाली आरसा, आरशात उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड. दागिने, चेहरे, पायाखालची जाजमाची नक्षी सगळं भरलेलं, आणि दोघींच्या अंगावरची वस्त्रं मात्र रिकामी. घड्यांच्या कडांवर पुसटशी राखाडी रेघ सोडली तर नुसती काच. एकीचा शालू आणि दुसरीचं अलवण, दोन्हींतून खालच्या आरशातलं आभाळ दिसत होतं.

ही जोडी आजेसासू-नातसुनेची आहे हे मला कसं कळलं? वहीवरून. आणि खरं तर त्यासाठीच मी हे पत्र लिहायला घेतलं. साडी हे निमित्त.

मुंबईच्या फोटोंचा इतिहास लिहिला जातो. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्यात होते, १८९६ साली राजा दीनदयाळांनी इथे स्टुडिओ काढला, हे सगळं पुस्तकांत मिळतं. दीनदयाळांच्या अडीच हजारांवर काचा आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सुखरूप आहेत. राजेरजवाडे होते त्यांवर, कोणीतरी सांभाळणारच. मिरज, सांगली, सातारा, बार्शी इथल्या स्टुडिओंतल्या काचांवर शिक्षक, तालमीतले पोरगे, सराफ, नुकतं बारसं झालेली मुलं. त्यांची नावं इतिहासात नाहीत, ती असलीच तर स्टुडिओच्या वहीत.

लहान गावात स्टुडिओ निघू शकला तो या कोरड्या प्लेटांमुळे. त्याआधी कलोडियनची ओली प्लेट असे. फोटोच्या वेळी स्वतः काचेवर द्राव ओतायचा, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, वाळायच्या आत धुवायची. रसायनं जाणणाऱ्या पंडिताचं काम ते. मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८७१ साली जिलेटिनच्या प्लेटीची युक्ती मांडली, पुढच्या दहा-बारा वर्षांत कारखाने निघाले आणि तयार प्लेटा डझनाच्या डब्यात रेल्वेने येऊ लागल्या. मिरज जंक्शन. मुंबईहून पार्सल सुटलं की दुसऱ्या दिवशी स्टेशनवर. आमच्याकडे अजून इल्फर्डचे दोन रिकामे डबे आहेत, एकात सासूबाई बटणं ठेवत.

आमच्या गिरगावात कॉरोनेशनला ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी त्याआधी गोध्र्यात फोटोचा स्टुडिओ काढला होता. नंतर बडोद्यात काढला तो कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या अफवेने बसला. फोटो काढला की आयुष्य घटतं ही समजूत मिरजेतही होती. पण मिरजेत तिचा उलटा परिणाम झाला, आणि तो दवाखान्यामुळे. डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. पार कर्नाटकातून माणसं ऑपरेशनला येत. ऑपरेशन टेबलावरून उठू की नाही याची खात्री नसे, म्हणून आदल्या दिवशी नातेवाईक पेशंटला टांग्यात घालून स्टुडिओत आणत.

आमच्या वह्या चार. पहिली १९११ची. तीन मोडीत, चौथी बाळबोध, म्हणजे देवनागरीत. रकाने साधे: नंबर, नाव, गाव, साईज, प्रती, आगाऊ, बाकी, शेरा. मला मोडी येत नाही. मामंजी वाचून दाखवत आणि मी ऐकत पेन्सिलीला टोक काढत बसे. काही नावांपुढे शेऱ्यात एकच शब्द असे, ‘दवाखाना’. मग पाच-सात रेघा खाली त्याच नंबराचा पुन्हा उल्लेख, वेगळ्या शाईत: ‘मोठी करणे’. कॅबिनेट साईज घेतलेली असताना आठवड्याभरात मोठी प्रत का हवी झाली, हे मामंजी सांगत नसत, पुढची रेघ वाचत. काही नंबर मात्र खाली पुन्हा येत नसत. तेवढ्यापुरतं मला बरं वाटे.

त्या शेऱ्यांतून काय काय कळतं! एका काचेवर, अशाच दोन अर्ध्यांत, एका बाजूला एक इनामदार आहेत आणि दुसऱ्या बाजूला पेन्शनीत निघालेला महार पलटणीतला शिपाई, छातीवर पदक. फोटोच्या दिवशी एकापाठोपाठ एक आले असतील आणि चौकटीत अर्धी जागा शिल्लक होती, एवढाच त्याचा अर्थ. इनामदारांना तेव्हा कळलं असतं तर त्यांनी दुसरी काच मागितली असती. वहीत दोघांची नावं लागोपाठ आहेत आणि दोघांचीही बाकी आठ आणे. माझ्या नातीने मला टॅबवर अमेरिकेतला असाच एक फोटोग्राफर दाखवला, ह्यू मँगम, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा. १९२२ साली वारला. एकेका काचेवर लहान लहान अनेक फोटो घेई, आणि गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवायच्या त्या दिवसांत त्याच्या काचांवर गोरे आणि काळे शेजार करून आहेत. त्या काचा घरच्या शेतातल्या कोठारात पन्नासेक वर्षं पडल्या होत्या, कोठार पाडायच्या वेळी वाचल्या, आता ड्यूक विद्यापीठात आहेत. तिथे त्या अख्ख्या दाखवतात, कडेच्या डागांसकट, चिरांसकट. एकेक चेहरा कापून वेगळा केला असता तर शेजार कुठून दिसला असता? आपल्या पुरवणीतल्या पाचांपैकी दोन फोटो मला अर्धे वाटले. एकाच्या डाव्या कडेला दुसऱ्या कोणाच्या तरी कोपराचा तुकडा आहे. तो कोण, ते त्या काचेच्या मालकाला माहीत असेल, आपल्या वाचकांना नाही.

थोडं माझ्या कामाबद्दलही लिहिते, कारण आपल्या लेखात ‘त्या काळी फोटोत फेरफार नसत, म्हणून ते खरे’ असं एक वाक्य आहे. ते वाचून मला हसू आलं. साधी प्लेट लाल ओळखत नाही, त्यामुळे चेहऱ्यावरचा प्रत्येक तांबूस डाग, पुटकुळी, देवीचा वण काळा होऊन उठतो, आहे त्याच्या दुप्पट. तेव्हा देवीचे वण घरोघरी. निगेटिव्हवर ते बारीक मोकळे ठिपके दिसतात, आणि माझं काम ते ठिपके पेन्सिलीने भरायचं. जिलेटिनवर शिसं धरत नाही म्हणून आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचं मिडियम चिंधीने चोळून घ्यायचं. ४एच पेन्सिलीचं लाकूड तासून इंचभर शिसं उघडं करायचं आणि सँडपेपरवर फिरवून सुईसारखं टोक काढायचं. मग भिंग लावून एकेका ठिपक्यावर स्वल्पविरामाएवढा फटकारा. जोर दिला तर शिसं मोडतं, जास्त झालं तर कागदावर पांढरा डाग येतो आणि माणसाला कोड फुटल्यासारखं दिसतं. उलट काही काळं करायचं असेल, म्हणजे पदरावरचा भलताच चमकणारा चट्टा वगैरे, तर चाकूच्या पात्याने जिलेटिन हलकेच खरवडायचं. ते काम मला मामंजींनी तीन वर्षं दिलं नाही.

वण किती भरायचे याचा त्यांचा एक हिशेब होता. लग्नाच्या मुलीचा फोटो स्थळाकडे जायचा असेल तर बापाला विचारायचं. बाप म्हणाला सगळे भरा, तरी नाकाशेजारचे दोन-तीन ठेवायचे. पुढे मुलगी समोर आली की ओरड नको. आमच्या काचा उजेडात तिरक्या धरल्या की पेन्सिलीची ही जाळी गालांवर अजून चमकते. संगणकावर स्कॅन ‘स्वच्छ’ करणाऱ्यांना ती घाण वाटते आणि ती पहिल्यांदा पुसली जाते. माझ्या आधी या चेहऱ्यांवर ज्यांनी हात फिरवला, आजेसासरे, मामंजी, आणि मामंजींच्या म्हणण्याप्रमाणे सासूबाईसुद्धा, त्यांचं हस्ताक्षर म्हणाल तर तेवढंच आहे.

उन्हाळ्याची गोष्ट राहिली. एप्रिल-मेमध्ये पाणी तापलं की जिलेटिन कडेने सुटून झालरीसारखं उचलायचं. म्हणून धुण्याचं काम पहाटे, पाणी रात्रभर माठात ठेवलेलं, नंतर तुरटीच्या पाण्यात बुडवून घट्ट करायचं. काही काचांच्या कडा चुणल्या आहेत त्या मे महिन्याच्या आहेत. चौथ्या वहीतल्या तारखा काढून मी पडताळा घेतला आहे, बरोबर जुळतात.

आता या काचा इतक्या कमी का उरल्या, ते सांगते. १९६८ साली थोरल्या भावोजींनी माडी रिकामी करायला काढली. एका डझन हाफ-प्लेटा म्हणजे किलोभर वजन, माडीची तुळई वाकायला आली होती, त्यांचंही चूक म्हणता येत नाही. गावातल्या एका तसबिरीवाल्याने काचा शेकड्याने घेतल्या. चांगली सपाट बेल्जियमची काच, म्हणाला. धुवून देण्याचं काम घरच्याच बायकांनी केलं, त्यात मी होते. घंगाळात कढत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, काच बुडवून थोडा वेळ थांबायचं. मग दुधावरची साय सुटावी तसं जिलेटिन एका कडेने सुटतं आणि अख्खाच्या अख्खा चेहरा, करडा, उलटा, पाण्यावर तरंगतो. बोट लावलं की गोळा होतो. दोन दिवस आम्ही तेच केलं. मामंजी त्या दोन दिवसांत जेवायला खाली आले नाहीत असं लिहिलं तर गोष्ट रंगेल, पण ते आले, जेवले, आणि तिसऱ्या दिवशी उरलेल्या काचा आणि वह्या माझ्या मिस्टरांच्या हवाली करून म्हणाले, मुंबईला जाताना घेऊन जा.

आमच्या देवघरात दत्ताची एक तसबीर आहे, त्याच धुतलेल्या काचेची. खालच्या उजव्या कोपऱ्यात धुताना राहून गेलेला बोटभर भाग आहे. उजेडात धरलं की स्टुडिओतल्या कागदी कठड्याचा एक खांब आणि बुटाचं टोक दिसतं. कोणाचा बूट, ठाऊक नाही. मी ती काच बदलली नाही.

मुंबईला आलेल्या काचा ४१६. पोटमाळ्यावर सागवानी खाचांच्या पेट्यांत उभ्या. इथली हवा त्यांना मानवत नाही. समुद्र जवळ, पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल. कडांकडून निळसर चंदेरी झाक आत आत सरकते आहे, ती चांदीच वर येते, आणि काही काचांवर बुरशीची नक्षी उमटली आहे. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका संस्थेकडे ६० काचा नमुन्यादाखल दिल्या. नाव लिहीत नाही, मुली कामसू होत्या, हातमोजे घालून काम करत, मला चहा पाजला. चार महिन्यांनी काचा परत आल्या त्या पांढऱ्याशुभ्र नव्या पाकिटांत, सोबत स्कॅनचा पेन ड्राइव्ह. स्कॅन उत्तम. मी विचारलं, जुनी पाकिटं? ती आम्लधर्मी होती म्हणून काढून टाकली, असं उत्तर आलं.

जुना खाकी कागद काचेला वाईट, हे शास्त्राने खरंच आहे. पण आमच्या घरी नंबर पाकिटावर लिहायची पद्धत होती. काचेच्या कोपऱ्यात सुईने नंबर कोरलेला असे तो फक्त घाईच्या कामांवर. त्या ६० पैकी २३ काचांवर कोरलेला नंबर आहे. उरलेल्या ३७ जणांची नावं वहीत आहेत, आणि ३७ चेहरे माझ्याकडे आहेत, पण आता कुठलं नाव कोणाचं ते सांगणारं काही नाही. पाकीट टाकण्याआधी त्यावरचा आकडा नव्या पाकिटावर उतरवून घ्यायला किती वेळ लागला असता? त्यांच्या यादीत या ३७ जणांपुढे ‘अनोळखी पुरुष’, ‘अनोळखी स्त्री’, ‘अनोळखी कुटुंब’ असं लिहिलं आहे. ते अनोळखी नव्हते हो. इतकी वर्षं त्यांची ओळख होती, ती त्या कचऱ्याच्या पेटीत गेली.

त्यामुळे आपला लेख वाचून कोणी पोटमाळे धुंडाळायला लागले असतील तर त्यांना एवढं सांगा. काचा आडव्या थप्पीने रचू नका, खालच्या तडकतात. लांब कडेवर उभ्या ठेवा. फुटलेली असेल तर तीच तेवढी आडवी, पुठ्ठ्यावर. जी बाजू चकचकीत ती नुसती काच, ती मऊ ब्रशने झटकली तर चालेल. जी मंद दिसते तिला पाणी नको, स्पिरिट नको, चिकटपट्टी तर नकोच नको. आणि पाकीट, डबा, वही, डब्यात सापडलेली चिठ्ठी, पुठ्ठ्यामागची पेन्सिलीची खूण यातलं काहीही काचेपासून वेगळं करण्याआधी ते जसंच्या तसं उतरवून घ्या. मोबाइलवर फोटो काढला तरी पुरे. चोर बाजारात काच सुटी मिळते कारण विकणाऱ्याने पाकीट आधीच फेकलेलं असतं. विकत घेणाऱ्याने निदान ती कुठल्या गावच्या मालातून आली एवढं तरी विचारावं. आपल्या पाचही फोटोंखाली गाव नाही.

माझ्या दोन अपेक्षा आहेत. एक आपल्याकडून: त्या तिसऱ्या फोटोखालची ओळ दुरुस्त करून छापावी आणि रंगवलेली प्रत मागे घ्यावी, किंवा रंग कल्पनेने भरले आहेत असं तिच्याखाली स्पष्ट लिहावं.

दुसरी अपेक्षा वाचकांकडून आहे. आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आहे. दिवाळीनंतर खोली रिकामी करायची, मग तीन वर्षं (बिल्डर तीन म्हणतो) दहिसरला भाड्याने. पेट्या कुठे न्यायच्या ते मुलगा बघतो आहे, त्याची मला तितकी काळजी नाही. काळजी वह्यांची आहे. मामंजी १९७८ साली गेले, त्यानंतर त्या तीन वह्या कोणी वाचलेल्या नाहीत. शाई फिकी झाली आहे, दुसऱ्या वहीला कसर लागली आहे. मोडी सराईतपणे वाचणारं कोणी, विशेषतः हिशेबाची मोडी ज्यांच्या नजरेखालून गेली आहे असं कोणी, आठवड्यातून दोन दुपारी येऊ शकलं तर मी बाळबोधीत उतरवून घ्यायला बसेन. माझं अक्षर अजून चांगलं आहे आणि डोळ्यांचं ऑपरेशन गेल्या वर्षीच झालं. मानधन फार देता येणार नाही, चहा आणि जे घरात असेल ते. पत्ता संपादकांकडे देऊन ठेवला आहे. दुपारी तीननंतर यावं, त्याआधी पाणी येतं.

आपली,
एक जुनी वाचक, गिरगाव, मुंबई